चढता उजेड

दुर्बिणीची नळी मी दोन गोधड्यांत गुंडाळून सुतळीनं आवळली होती, तरी निर्मलच्या स्टँडवर बसच्या कंडक्टरनं ती बोटानं वाजवून पाहिली आणि विचारलं, "बोअर का पाइप है क्या, अम्मा?" मी हो म्हटलं. हैदराबादपासून उभी येत होते, समजावून सांगायचं त्राण नव्हतं. आदिलाबादला गाडी बदलताना एका हमालानंही तेच विचारलं आणि गावात उतरल्यावर पारावरच्या लोकांनीही. गावाला वाटलं, मास्तरांच्या घरी बोअर पडणार.

मी तेव्हा विद्यापीठात पदार्थविज्ञानात संशोधन करत होते. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातल्या तामसी मंडलात, म्हणजे तिथल्या छोट्या तालुक्यात, पैनगंगेच्या अलीकडे. आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात ज्वारी कापली आणि कापूस वेचला. वडील शिकून मराठी शाळेत मास्तर झाले. मी पुढे हैदराबादला गेले. वस्तीतल्या बायकांना एवढंच ठाऊक होतं, की मास्तरांची पोरगी अजून शिकूनच राह्यली आणि तिचं लग्न लांबून राह्यलं.

माझा विषय होता सक्रिय दीर्घिकांचा उजेड. आपली आकाशगंगा जशी ताऱ्यांची एक वस्ती, तशा आकाशात असंख्य वस्त्या आहेत, त्यांना दीर्घिका म्हणतात. बहुतेक शांत असतात. काहींच्या मध्यभागी मात्र एक प्रचंड कृष्णविवर असतं, भोवतालचा वायू त्यात ओढला जातो आणि काही द्रव्य झोतासारखं बाहेर फेकलं जातं. असा झोत नेमका आपल्या दिशेनं रोखलेला असेल तर ती दीर्घिका दुर्बिणीतून एखाद्या साध्या ताऱ्यासारखी दिसते. फरक एवढाच की तिचा उजेड टिकत नाही. महिनोन् महिने मंद राहते आणि मग एखाद्या आठवड्यात भडकते. भडकताना तिचा उजेड निळसर होतो, निवताना पुन्हा तांबूस. कधी कधी संध्याकाळी पाहिलेला उजेड पहाटे वेगळाच असतो. एवढ्या झपाट्यानं जे बदलतं ते आकारानं फार मोठं असू शकत नाही, कारण मोठ्या गोष्टीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायलाच उजेडाला वर्षं लागतात. म्हणजे अब्जावधी ताऱ्यांना फिकं पाडणारी ती आग फार लहान जागेत पेटलेली असते. हे मला पहिल्यांदा समजलं तेव्हा आनंद झाला नव्हता. त्या रात्री मी खोलीतला दिवा मालवला नव्हता.

त्या पावसाळ्याच्या शेवटी परदेशातल्या वेधशाळांकडून बातमी आली, की सरठ तारकासमूहातली आमची दीर्घिका भडकायला लागली आहे. सरठ म्हणजे सरडा. हंस आणि देवयानी यांच्या मधला हा फिका तारकासमूह आहे, नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. नेमका तेव्हा विद्यापीठाच्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा नवा मुलामा द्यायला उतरवला होता. माझे मार्गदर्शक हैदराबादच्याच जुन्या मराठी घरातले. ते म्हणाले, "दसऱ्याला गावी जातेसच, तर विभागातली आठ इंची दुर्बीण ने. रंग मोजता येणार नाहीत, पण उजेडाचा अंदाज घेता येईल. तुझ्या गावात अंधार आहे. इथे तोच नाही."

गावात अंधार होता, यात शंका नव्हती.

आमच्या घराला एकच खोली स्लॅबची होती, बाकी कौलं. त्या स्लॅबवर मी दुर्बीण मांडली. कोजागिरीनंतर चंद्र उशिरा उगवायला लागला आणि दिवेलागणीनंतरचं आकाश मोकळं मिळू लागलं. जेवणं आटोपेपर्यंत सरठ डोक्यावर, जरासा उत्तरेला आलेला असे. आई मला एकटीला वर बसू देईना, म्हणून शेजारची आत्या सोबतीला येऊन बसायची.

आत्या म्हणजे नात्यानं आमची कुणी नव्हे. नवरा फार पूर्वी वारला, मूलबाळ नाही. आमच्या घराला लागून तिची एक खोली होती. तरुणपणापासून ती सुईणीचं काम करत आलेली. वस्तीतल्याच नव्हे, गावातल्याही निम्म्याअधिक लोकांना तिनं जगात आणलं होतं. मलाही. आता तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि हातही थरथरत, त्यामुळे बायका मंडलाच्या दवाखान्यात जाऊ लागल्या होत्या. ती भिंतीला पाठ टेकून सुपारी चघळत बसायची आणि माझी बॅटरी सांभाळायची. बॅटरीच्या काचेवर मी लाल जिलेटिनचा कागद बांधला होता. पांढऱ्या उजेडानं डोळे दिपतात आणि मग अंधुक तारे दिसत नाहीत, लाल उजेडानं तसं होत नाही. नकाशा पाहायची वेळ आली की मी म्हणायची, "आत्या, उजेड," आणि ती बॅटरी लावायची.

"काय पाहून राह्यली व तू एवढं?" तिनं पहिल्या दिवशीच विचारलं.

"एक दूरचा उजेड आहे. तो कमीजास्त होतो. शेजारच्या ताऱ्यांचा उजेड बदलत नाही, म्हणून त्यांच्याशी ताडून पाहते."

"जास्त झाला तं काय होते?"

"इथे काही होत नाही. फार लांब आहे. आज दिसतो तो नव्वद कोटी वर्षांपूर्वी तिथून निघाला."

तिनं सुपारी दुसऱ्या गालात सरकवली. मग म्हणाली, "म्हंजे जे व्हायचं ते होऊन गेलं."

"हो."

"मंग पाह्यतेस काऊन?"

मी हसले. मग झोत, कृष्णविवर वगैरे सांगत बसले. ती मनापासून ऐकायची. आरशाच्या दुर्बिणीला डोळा लावण्याची जागा वर, नळीच्या बाजूला असते. एकदा मी तिचा चेहरा तिथे नेला. तिनं क्षणभर डोळा लावला आणि बाजूला झाली. "मले कुठं दिसते, माय," म्हणाली. "तू सांग, मी आयकते."

तो बिंदू इतका अंधुक होता की त्याच्याकडे सरळ पाहिलं तर नाहीसा व्हायचा. नजर जरा बाजूला ठेवून, तिरक्या डोळ्यानं पाहावं लागायचं. माझी मान एकीकडे, डोळा दुसरीकडे आणि भिंतीशी लाल उजेड हातात धरलेली म्हातारी, असं ते दृश्य खालच्या रस्त्यावरून कसं दिसत असेल, याचा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही.

त्याच दिवसांत गावात थंडीताप होता. पावसाळ्यानंतर दरवर्षी असायचाच, पण त्या वर्षी तो लेकरांच्या डोक्यात जात होता. झटके येत आणि मूल एका दिवसात जाई. गावाच्या दुसऱ्या टोकाला एकाच गल्लीतली दोन लेकरं गेली. कापूस वेचायला जाणाऱ्या बायका लेकरं घरी ठेवायला धजेनात, त्यांना शेतात नेऊन कापसाच्या गंजीवर निजवू लागल्या. मंडलाच्या दवाखान्यात डॉक्टर कधी असायचे, कधी नसायचे. लोक पैनगंगेपलीकडच्या एका भगताकडे जाऊ लागले.

वर मात्र उजेड वाढत होता. आधी तो माझ्या ठरवलेल्या ताऱ्यांत सर्वांत मंद असलेल्याच्या बरोबरीला आला. मग एका संध्याकाळी त्यानं शेजारच्या दोघांना मागं टाकलं. मी तिरकं पाहायची सवय सोडून सरळ पाहिलं, तरी तो दिसत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादा उद्रेक नुसता आलेखावर नव्हे, डोळ्यांनी पाहत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन करायला गेले. गावात एसटीडीचा एकच फोन होता, ज्या गल्लीत दोन लेकरं गेली तिथल्याच किराणा दुकानात. दुकानदार वडिलांचा जुना विद्यार्थी, तिशीतला, सालस माणूस. मला ताई म्हणायचा. त्या दिवशी तो गुळाची ढेप फोडत होता आणि आतल्या खोलीत त्याची मुलगी पांघरूण घेऊन पडली होती. मी विचारलं, "बरं नाही का तिला?" तो म्हणाला, "रात्रीपासून अंग गरम हाय." मी म्हटलं, आदिलाबादला ने, वाट पाहू नको. तो म्हणाला, संध्याकाळी पाहतो.

लाइन खरखरत होती, मला मोठ्यानं बोलावं लागलं. सर पलीकडून विचारत होते, मी उत्तरं देत होते.

"हो सर, काल रात्री एकदम चढलाय... शेजारचे दोन गेले मागं... नाही, उतरायचं चिन्ह नाही. आज आणखी चढेल असं वाटतंय... नाही सर, मी रोज बसते. अमावस्येपर्यंत सोडत नाही."

फोन ठेवून वळले तेव्हा त्याच्या हातातला गूळ फोडायचा सुरा थांबलेला होता. तो माझ्याकडे पाहत होता. मला वाटलं, लेकीच्या काळजीनं. फोनचे पैसे ठेवून मी निघाले.

त्याची मुलगी दुसऱ्या दिवशी दुपारी आदिलाबादच्या वाटेवर जीपमध्येच दगावली.

वडील मातीला जाऊन आले. अंगणातच हातपाय धुतले, बराच वेळ बाजेवर बसून राहिले. आई पाणी घेऊन आली तेव्हा म्हणाले, "माझ्याशी कोणी बोललं नाही. मी खांदा द्यायला पुढे झालो तं पोरं बाजूला सरकली, पण बोललं कोणी नाही."

तिथून गाव बदलत गेलं. मी हातपंपावर गेले की बायका आपापल्या घागरी अर्ध्या भरलेल्याच उचलून न्यायच्या. रस्त्यानं चालताना एका आईनं लेकराचं तोंड पदरात लपवलं. वडिलांच्या वर्गातली हजेरी रोडावली. तापामुळे असेल, असं ते म्हणायचे. एका सकाळी आमच्या उंबऱ्याबाहेर टाचण्या टोचलेलं लिंबू, कोळसा आणि कुंकू सापडलं. आईनं ते पाहिलं आणि तिथेच खाली बसली. वडिलांनी टाचण्या काढल्या, लिंबू धुतलं, कापलं आणि दुपारच्या वरणावर पिळून खाल्लं. आयुष्यभर विहारात आणि शाळेत ते हेच सांगत आले होते की असल्या गोष्टींत काही नसतं. आईनं त्या दिवशी वरण खाल्लं नाही.

"लिंबात काई नाई, हे मलेबी माहीत हाय," ती मला चुलीपाशी म्हणाली. "ज्यानं ठेवलं त्याच्या मनात हाय ना. त्याचं काय पिळशीन?"

मला दुर्बीण तेव्हाच खाली उतरवता आली असती. पण उजेड अजून चढत होता. कधी थोडा खाली यायचा, कधी एका संध्याकाळीच दोनदा बदलायचा, जणू धाप लागलेल्याचा श्वास. अशी संधी संशोधकाला पुन्हा मिळेल याची खात्री नसते. वडीलही म्हणाले, उतरवू नको. उतरवली तर लोकांना वाटेल आपण लपवत होतो. त्यांनी वेगळाच मार्ग काढला. पारावर जाऊन सांगितलं, ज्याला पाहायचं त्यानं आज दिवेलागणीला घरी यावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावं.

दहाबारा पुरुष आले. किराणावालाही आला, सर्वांच्या मागे, डोकं भादरलेलं. मी आधी गुरू दाखवला. त्याच्या बाजूचे चार चंद्र पाहून लोकांचे चेहरे सैल झाले. मग शनीची कडी दाखवली. एकानं विचारलं, "कडी खरीच हाय की काचेवर काढली?" आणि लोक हसले. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात किराणावाला पुढे आला. "ताई, हे नाई. तुमी रोज पाह्यता ते दाखवा."

मी नळी सरठाकडे वळवली, बिंदू मधोमध आणला. त्यानं डोळा लावला. फार वेळ पाहिलं.

"याच्यात काई नाई," तो म्हणाला.

"आहे. मधोमध अंधुक ठिपका आहे. सवय नसलेल्याला सरळ दिसत नाही, जरा तिरकं पाहा."

गावात तिरकी नजर म्हणजे वाईट नजर; माझ्या तोंडून ते वाक्य गेलं आणि मागचे दोघं जिन्याकडे सरकले. त्यानं डोळा काढला. वळून माझ्याकडे नव्हे, बाजूला पाहिलं, जिथे आत्या नेहमीसारखी भिंतीला टेकून लाल बॅटरी मांडीवर घेऊन बसली होती.

"फोनवर तुमी म्हनल्या व्हत्या, चढला. शेजारचे दोन गेले. आज आनखी चढन." तो अगदी हळू बोलत होता. "माही लेक दुसऱ्या दिवशी गेली."

मी सांगितलं. ते शेजारचे दोन म्हणजे तारे होते. चढला म्हणजे उजेड चढला. मी त्या ठिपक्याच्या बाजूचे तारे पुन्हा दाखवू लागले. वडिलांनीही समजावलं, त्याला नावानं हाक मारून, वर्गात मारायचे तशी. तो ऐकत होता, मान हलवत होता. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाला, "गुरुजी, एवढ्या लांबून हैदराबादहून कोनी एक ठिपका पाह्याले येते काय?"

गुरू, शनी पाहायला माणूस येईल, हे त्यांना पटलं होतं. ज्यात पाहण्यासारखं काहीच नाही ते रोज पाहणाऱ्या बाईचा हेतू वेगळाच असणार. ते जिना उतरून गेले.

दिवाळीची अमावस्या तोंडावर आली होती, पण गावात त्या वर्षी पणत्या कोणी काढल्या नव्हत्या. भगतानं सांगितल्याचं आईच्या कानावर आलं: उजेड धरणारी वेगळी आणि पाहणारी वेगळी. पाहणारी शिकलेली आहे, तिला समजत नाही, तिच्याकडून करवून घेतात. करणारी ती उजेड धरणारी. आता विचार करते तेव्हा वाटतं, हे त्या सर्वांच्या किती सोयीचं होतं. मास्तर सरकारी माणूस, अर्धं गाव त्याच्या हाताखाली शिकलेलं. त्याच्या घराला हात लावला तर खटला होईल. म्हातारीच्या मागे कोण होतं?

अमावस्येच्या आदल्या दिवशी दुपार कलताना ते आले. मी वर स्लॅबवर दुर्बिणीवरचं फडकं काढत होते, म्हणून मला सर्वांत आधी दिसले. ज्वारीच्या उभ्या पिकामधल्या वाटेनं, रांगेनं, न बोलता. काहींच्या हातात काठ्या होत्या. एकाच्या हातात सुताराची पक्कड होती. आमच्या भागात करणीचा संशय असलेल्या बाईचे दात पाडतात, म्हणजे तिला मंत्र म्हणता येत नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पक्कड पाहिली आणि हातातलं फडकं तिथेच टाकलं.

मी ओरडून वडिलांना सांगितलं. त्यांनी शेजारच्या माणसाला सायकलवरून तामसीच्या ठाण्यात पिटाळलं आणि आत्याच्या दारात जाऊन उभे राहिले. मी त्यांच्या शेजारी. आत आत्या ज्वारी निवडत बसली होती. तिला अजून काही कळलं नव्हतं.

"गुरुजी, बाजूले व्हा," पुढचा एक जण म्हणाला. "तुमच्याशी आमचं काई नाई."

"तिच्याशी काय आहे?"

"ते भगताले इचारा."

वडील बोलायला लागले. थंडीताप डासांनी होतो, डबकी बुजवा, रक्त तपासा. त्यांचा आवाज वर्गातला होता आणि समोरचे वर्गातले राहिले नव्हते. एक दगड येऊन कौलांवर फुटला. वडिलांनी दाराची चौकट धरली. मागची माणसं पुढे सरकली आणि पुढच्यांना सरकावंच लागलं.

तेव्हा आई आली. जी लिंबू पाहून मटकन बसली होती ती आई. तिनं आमच्या दोघांच्या मधून वाट काढली आणि उंबऱ्यावर मांडी घालून बसली, दारात बसून तांदूळ निवडावेत तशी. आवाज चढवला नाही. समोरच्या एकेकाकडे पाहून बोलू लागली.

"तू मायच्या पोटातून उलटा, पायाकडून आला व्हता. दोन दिवस ही बाई उठली नव्हती तिच्यापासून. इचार मायले घरी जाऊन." मग दुसऱ्याला, "तू निळा पडला व्हता. हिनं तोंडात तोंड घालून श्वास देल्ला." मग पक्कडवाल्याला, "तुही बायको आता पोटाशी हाय ना? दवाखान्यात डाक्टर नसला तं कोनाले बोलावशीन?"

आई थांबली नाही. एकामागून एक सांगत राहिली, कोण कोणत्या पावसात, कोण कोणत्या शेतात जन्मला. शेवटी ती किराणावाल्याकडे वळली. "तुही लेक माह्या हातावर खेळली, बाबा. तिले यानं परत आनता येते काय?"

त्यानं तोंड फिरवलं आणि वाटेच्या कडेला जाऊन उकिडवा बसला. तो बसल्यामुळे त्याच्या मागचे थांबले. पण परत कोणीही गेलं नाही. सूर्य बुडाला, गुरं घरी आली, तरी ते तिथेच उभे होते. आम्ही दारात आणि ते अंगणात. मधे दोन पावलांची माती. अंधारात मला फक्त विड्यांची टोकं दिसत होती, आणि प्रत्येक टोक मोठं झालं की मी श्वास रोखायची.

जीपचे दिवे दिसले तेव्हा ते पांगले, घाई न करता.

फौजदार तेलुगू माणूस, नव्यानं बदलून आलेला. त्यानं पारावर जाऊन दम दिला, भगताला उचलायची धमकी दिली आणि तक्रार मात्र लिहून घेतली नाही. वडिलांना बाजूला घेऊन हिंदीत म्हणाला, "मास्टर सार, ये मशीन भेज दो. और बुढ़िया को भी. मैं रोज़ जीप नहीं ला सकता." वडिलांच्या कपाळाची शीर ताठ झाली. ते बोलणार इतक्यात मी म्हणाले, "उद्या जातो."

त्या रात्री आकाश धुतल्यासारखं होतं आणि सरठ डोक्यावर होता. मी आरसा काढून कापसात गुंडाळला. वर पाहिलं नाही.

सकाळच्या पहिल्या बसनं वडील, मी आणि आत्या आदिलाबादला निघालो. तिथून तिला निर्मलला पोचवायचं होतं, तिच्या भावाच्या लेकीकडे. तिच्या खोलीतून तिनं एक पेटी आणि सुपारीचा अडकित्ता एवढंच घेतलं. बसमध्ये ती खिडकीशी बसली, दुर्बिणीची नळी आम्हा दोघींच्या मांड्यांवर आडवी. गाव मागं पडेपर्यंत ती अडकित्त्याची उघडझाप करत राहिली. मग विचारलं, "बाई, एक सांग. ते उतरलं काय?"

"काय?"

"तुहा उजेड."

"माहीत नाही, आत्या. काल पाहिला नाही."

तिनं नळीवर हात ठेवला, मग काढून घेतला आणि पदराला पुसला. "मी तं कदी पाह्यलंच नाई," ती म्हणाली. "तू सांगत व्हती, मी आयकत व्हती." ती मला नव्हे, दुसऱ्याच कुणाला तरी ते सांगत होती. मला कळलं, हिच्याही मनात पाल चुकचुकली आहे. आपल्या हातून नकळत काही झालं का, असं तिला वाटतं आहे. वडिलांनी ऐकलं आणि ते खिडकीबाहेर पाहू लागले. त्यांना आयुष्यात इतकं हरलेलं मी पाहिलं नव्हतं.

नंतरच्या आठवड्यात जिल्ह्याहून डॉक्टरांचं पथक गावात आलं. रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, फवारणी केली. साथ ओसरली. गावानं त्याचं श्रेय गोळ्यांना दिलं की आत्या गेली त्याला, हे कोणी आमच्यासमोर बोललं नाही. आत्याची खोली पुढच्या पावसाळ्यात बसली. तिच्या कौलांतली चांगली कौलं कोणीतरी नेली. ती निर्मलला भाचीच्या घरी लाकडी खेळण्यांना पॉलिशपेपर घासत राहिली, त्याला डोळे लागत नाहीत म्हणाली. मी जाता-येता भेटायची. ती गावाचं विचारायची, पण परत यायचं नाव तिनं काढलं नाही. तीन-चार वर्षांनी तिथेच गेली.

विद्यापीठाचा आरसा परत बसला तेव्हा दीर्घिका निवायला लागली होती. आम्ही तिला रंगीत काचांमधून पुन्हा मोजलं. निळा उजेड आधी उतरला, तांबडा मागून. ज्या दिवसांत तो सर्वांत उंच चढला ते दिवस माझ्या आलेखात मोकळे होते. दुसऱ्या देशांतल्या लोकांनी ते मोजले होते, त्यामुळे शास्त्राचं काही अडलं नाही. सरांनी कारण विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. ते आलेखातल्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवत राहिले, मग म्हणाले, "फोनवर मी विचारायला नको होतं." मी म्हटलं, "तुम्ही उजेडाचंच विचारत होता."

पुढे मी आदिलाबादच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. वडील निवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत होते आणि मीठ, तेल त्याच दुकानातून आणत राहिले. दोघं एकमेकांशी वाण्या-गिऱ्हाइकाएवढंच बोलायचे.

आंध्र आणि तेलंगण मिळून राज्य अजून एकच होतं तेव्हाची, शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. आदिलाबादच्या स्टँडवर तो किराणावाला मला भेटला. केस पिकले होते. सोबत एक मुलगी होती, गेलेल्या मुलीनंतर झालेली. बासरच्या नव्या कॅम्पसमध्ये, दहावीनंतरच्या विज्ञानाच्या अभ्यासाला, तिला प्रवेश मिळाला होता आणि तो तिला सोडायला निघाला होता, पण दुकानाचा माल यायचा होता. मीही त्याच गाडीनं निघाले होते. त्यानं विचारलं, "ताई, पोरीले तुमच्या बाजूले बसवू काय? सोबत होईन."

मी हो म्हटलं. तिची पेटी त्यानं वर चढवली. मुलगी आत गेली तेव्हा तो खिडकीशी आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "हुशार हाय. तिले अभ्यासाचं सगळं सांगा. पन ते तेवढं नका सांगू."

"कोणतं?"

तो गाडीच्या चाकाकडे पाहत राहिला. "वरचं," म्हणाला.

मी त्याला विचारणार होते, की अजून? इतक्या वर्षांनी? पण ड्रायव्हरनं गाडी सुरू केली आणि तो दोन पावलं मागे झाला. शेजारी मुलगी नव्या दप्तराचा पट्टा घट्ट करत होती. गाडी शहराबाहेर पडल्यावर तिनं विचारलं, "तुमी काय शिकवता, मॅडम?" मी म्हटलं, पदार्थविज्ञान. ती म्हणाली, मलाही तेच घ्यायचं आहे, आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यानं उडणारे केस धरून माझ्या पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली.